वाचकांचे प्रश्न : मोरिता यांनी मोठ्या ऑर्डरला दर का वाढवला?

सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता (1921–1999) यांचं 'मेड इन जपान' हे आत्मकथन 1986 मध्ये आलं. त्यावर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

भोसरीत माझं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे. मोरिता यांनी 1 लाख रेडिओंचा नगामागे दर 5 हजार रेडिओंच्या दरापेक्षा जास्त सांगितला, असं पुस्तकात वाचलं. माल जास्त तर दर कमी, असंच असतं ना?

असतं, पण हातातली क्षमता संपेपर्यंतच. 1955 मध्ये न्यूयॉर्कला साखळी दुकानांच्या एका खरेदीदाराने त्यांच्याकडे 5, 10, 30, 50 हजार आणि 1 लाख ट्रान्झिस्टर रेडिओंचे दर मागितले. मोरिता यांनी आलेख काढला. 10 हजारांना दर सगळ्यात खाली, 30 हजारांना पुन्हा चढा, 50 हजारांना नगामागे 5 हजारांपेक्षाही महाग आणि लाखाला त्याहून जास्त. लाख रेडिओ करायचे तर जागा, यंत्रं, माणसं सगळंच वाढवावं लागणार होतं. पुढच्या वर्षी ऑर्डर आली नाही, तर जपानमध्ये घेतलेल्या माणसांना घरी पाठवायची सोय नव्हती. म्हणून विस्ताराचा सगळा भार त्यांनी त्याच ऑर्डरवर टाकला. खरेदीदार चक्रावला, पण 10 हजारांची ऑर्डर देऊन गेला.

तुमच्या युनिटमध्येही हिशेब असाच मांडा. समजा 20,000 नगांसाठी जादा मशीन आणि डाय मिळून 12 लाख रुपये लागतात आणि काम संपल्यावर मशीन विकून 4 लाख परत येतील. उरले 8 लाख, म्हणजे नगामागे 40 रुपये. कच्चा माल एकगठ्ठा घेतल्याने नगामागे 15 रुपये वाचतात. तेव्हा दर 25 रुपयांनी वाढतो. वर जादा कर्जाचं व्याज आणि उधारीत अडकलेल्या पैशांवरचं व्याज धरा. बहुतेकांची चूक इथेच होते: ऑर्डर पुढच्या वर्षीही येणारच असं धरून 8 लाख तीन वर्षांवर वाटतात. ऑर्डर थांबते, बँकेचा हप्ता थांबत नाही.

त्याच सुमारास बुलोव्हा या घड्याळ कंपनीची 1 लाख रेडिओंची ऑर्डर मोरिता यांनी नाकारली. कारण वेगळं होतं: रेडिओवर बुलोव्हाचं नाव घालायची अट होती. टोकियोतले सहकारी ऑर्डर घ्या म्हणत होते, तरी ते हटले नाहीत. आमच्या मते पुस्तकातला सर्वात धाडसी निर्णय हाच.

सुरुवातीला सोनीने ध्वनिमुद्रणाची टेप खरंच तव्यावर भाजून केली का?

पसरट तव्यावरच. लोखंडाच्या ऑक्झॅलेटची पिवळी भुकटी तापवत लाकडी उलथण्याने हलवायची. ती तपकिरी-काळी होते, तो चुंबकीय लोह-ऑक्साइड. रंगावर नजर ठेवून वेळेवर उतरवायची, नाहीतर तो घाणा वाया गेला. मग ती लाखेसारख्या रोगणात कालवून कागदी पट्ट्यांवर चढवली. आधी फवारून पाहिलं, ते जमलं नाही. शेवटी मऊ केसांच्या ब्रशने हाताने लेप दिला.

आवाज मात्र खरखरीत येई. कागद खडबडीत असला की हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि लेप यांच्यात सूक्ष्म फट राहते आणि वरच्या पट्टीतले सूर आधी नाहीसे होतात. कागद दमटपणाने ताणलाही जातो. टेप रेकॉर्डर 1950 मध्ये बाजारात आला. त्यासाठी लागणारं एसी बायसचं पेटंट कंपनीने आधीच विकत घेतलं होतं. या पद्धतीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानाला न ऐकू येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळतात, त्यामुळे आवाज फाटत नाही.

वॉकमनमध्ये नवं काय होतं?

सुटे भाग बहुतेक जुनेच. पत्रकारांसाठीच्या प्रेसमन या छोट्या कॅसेट रेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रण आणि स्पीकर काढले, स्टीरिओ सर्किट आणि जेमतेम 50 ग्रॅमचे हेडफोन दिले. 1 जुलै 1979 ला तो 33,000 येनला आला. पहिल्या मॉडेलला दोघांना ऐकता यावं म्हणून हेडफोनची दोन छिद्रं होती. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की संगीत मंद होई आणि मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं ऐकू येई.

बीटामॅक्स का हरला?

बीटामॅक्स ही सोनीची घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत. तिच्या 1975 च्या पहिल्या कॅसेटवर तासभरच मुद्रण होई. पुढच्या वर्षी आलेल्या जेव्हीसी या जपानी कंपनीच्या व्हीएचएस कॅसेटवर दोन तास, म्हणजे एक सिनेमा मावे. शिवाय जेव्हीसीने अनेक कंपन्यांना सोबत घेतलं. त्यामुळे दुकानांत व्हीएचएसची यंत्रं आणि कॅसेटी दोन्ही वाढत गेल्या. घरी टीव्हीचा कार्यक्रम मुद्रित करून नंतर पाहणं कायदेशीर ठरवणारा खटला मात्र सोनीनेच लढवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1984 मध्ये तो 5 विरुद्ध 4 मतांनी सोनीच्या बाजूने दिला आणि त्याचा फायदा व्हीएचएसवाल्यांनाही झाला.