करायला घेतो हौसेने, संपतं रडारडीत

"मुलांबरोबर काहीतरी छान करायला घेते आणि शेवटी ओरडणंच होतं. माझ्यात पेशन्सच नाही." हे मी समुपदेशन करताना इतक्या आयांकडून, आणि आता बाबांकडूनही, ऐकलं आहे की पुढचं वाक्य मला आधीच कळतं: "बाकीच्यांना बरं जमतं!" निमित्त कधी रंगकामाचं असतं, कधी मातीकामाचं. पण सगळ्यात जास्त वेळा ते असतं घरी केलेल्या पिझ्झाचं. मुलांना तो आवडतो, वर काय घालायचं ते ज्याचं त्याला ठरवता येतं, म्हणून मोठ्या हौसेने बेत आखला जातो. आणि तो बिनसतोही त्याच कारणाने, कारण एकाच पिझ्झावर सगळ्यांना आपलं मन चालवायचं असतं.

अशाच एका आईचा हा अनुभव. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीन. त्या आल्या होत्या स्वतःच्या रागाबद्दल बोलायला. "धाकट्याने मैद्यात कोपरापर्यंत हात घातले, ते एक वेळ चालवून घेतलं. पण थोरलीने चीजवरून असा गोंधळ घातला! भावाच्या बाजूला जास्त आहे म्हणून जमिनीवर लोळून रडली. मग माझाही तोल गेला. दोघांना बाहेर काढलं आणि एकटीने पिझ्झा भाजला. कुणी तोंड लावलं नाही."

"चीज खरंच जास्त होतं का?"

"नाही हो. अगदी सारखं होतं."

या उत्तरापाशी मी थांबले. मूल उगाच रडत नाही, पण ते ज्याचं नाव घेऊन रडतं तेच कारण असतं असंही नाही. नवऱ्याने मोबाइलवर थोडा व्हिडिओ काढला होता, तो पुढच्या वेळी आणायला सांगितला.

पहिल्यांदा पाहताना त्यांना फक्त पसारा दिसला. मी म्हटलं, "आता ओटा बघू नका. फक्त हात बघा." मुलगी ढोबळी मिरचीचे तुकडे एकेक करून उचलत होती, बेसच्या काठाला लावत होती आणि अंगठ्याने हलकेच दाबत होती. एक लावून झाला की मान तिरकी करून बघायची, मग दुसरा. इतक्यात बाजूने आईचा हात आला. "थांब, मी नीट करून देते." क्षणात सगळे तुकडे पिझ्झाभर पसरले गेले. मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

त्यांनी व्हिडिओ थांबवला. बराच वेळ बोलल्या नाहीत.

"तिने हात मागे घेतले," त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा रडली नाही. रडली ती नंतर, चीजच्या वेळी." मग स्वतःशीच, "म्हणजे ते चीजचं नव्हतंच."

हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगू शकले असते. मुद्दाम सांगितलं नाही. माझ्याकडून ऐकलं असतं तर तो आणखी एक सल्ला झाला असता. स्वतः पाहिलं म्हणून ते त्यांचं झालं. हा क्षण यायची वाट बघणं हाच माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं मी मानते.

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्या विचारांची आहे. माणसाला, अगदी लहानग्यालाही, आपण या घरातले आहोत आणि इथे आपला काही उपयोग आहे असं वाटण्याची भूक असते, हे त्यांचं म्हणणं मला रोज खरं झालेलं दिसतं. "मी नीट करून देते" हे आपण प्रेमाने, मदत म्हणून म्हणतो. मुलाला मात्र ऐकू येतं की तुझं नीट नाही. तिथे दुखावलेलं मूल तिथेच बोलत नाही, कारण काय दुखलं हे त्याला सांगताच येत नाही. मग चीज, चमचा, खुर्ची, जे हाताशी येईल त्यावरून ते भांडतं.

त्यांना मी एकच गोष्ट करायला सांगितली. पुढच्या वेळी हात पुढे जाईल तेव्हा तो थांबवायचा आणि विचारायचं, "हे असं का लावलंस?"

पुढच्या भेटीत त्या दारातूनच सांगत आल्या. मुलीने परत सगळी मिरची काठालाच लावली होती. विचारल्यावर म्हणाली, "मधला भाग बाबाचा आहे. बाबाला मिरची नाही ना आवडत."

साडेपाच वर्षांची मुलगी बाबाच्या आवडीचा विचार करून पिझ्झा मांडत होती, आणि आपल्याला तो नीट पसरलेला नाही एवढंच दिसत होतं! हे उत्तर मी त्यानंतर कित्येक पालकांना ऐकवलं आहे.

"पण मग पिझ्झा बिघडला तर?" असं लगेच विचारलं जातं. बिघडू द्यावा, पण एकच पिझ्झा सगळ्यांचा करू नये. 500 ग्रॅम मैद्याचे चार लहान बेस सहज होतात. प्रत्येक मुलाला त्याचा गोळा, तुमचा तुम्हाला. म्हणजे तुमच्या मनातला सुबक पिझ्झा तुम्हालाही करता येईल. गोळा थापताना सारखा आक्रसतो आणि तिथे हमखास मोठ्यांचा हात मध्ये येतो. तेव्हा जोर लावू नका. मळल्याने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे प्रथिनांचं लवचीक जाळं, ताणलं गेलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की ते सैल पडतं आणि मुलाच्या बोटांनीही बेस पसरतो.

सगळा खटाटोप मुलांसमोर सुरू करायची गरज नाही. पीठ दुप्पट फुगायला तास-दीड तास लागतो आणि तीन वर्षांचं मूल एवढा वेळ धीर धरणार नाही. पीठ आधी मळून ठेवा. यीस्ट फसफसताना दाखवायचंच असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर वेगळ्या वाटीत घाला. दहा मिनिटांत फेस येतो आणि मुलं वाटीवरून हलत नाहीत. धाकट्यांना मऊ चीज हाताने तोडायला द्या, पाच-सहा वर्षांच्यांना चमच्याच्या पाठीने सॉस पसरायला.

चीजचं भांडण टाळायचं असेल तर प्रत्येकाचं चीज त्याच्या वाटीत आधीच काढून ठेवा. वाटीतलं कुठे, किती, कसं घालायचं हे त्याचं. मर्यादा वाटीने घातली की तुम्हाला सारखं "बास, बास" म्हणावं लागत नाही. एका कोपऱ्यात ढीग केला तर तिथला बेस ओलसर राहील. राहू दे. खाताना त्याचं त्यालाच कळेल.

काही नकार मात्र ठाम हवेत आणि ते सुरुवातीलाच सांगून ठेवायचे. ओव्हन 220-230 अंशांवर असतो, त्याला हात फक्त मोठ्यांचा. कच्चं पीठ खायचं नाही, कारण कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात. लहानग्यांसाठी ऑलिव्ह आणि छोटे टोमॅटो अख्खे ठेवू नका. उभे चार तुकडे करा, घशात अडकण्याची भीती असते.

आणि एवढं करून मुलाने खाल्लाच नाही तर? या आईच्या धाकट्याने दुसऱ्या वेळी नुसता काठ कुरतडला. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची मांडणी मला इथे पटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे पालकांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. "स्वतः केलास ना, मग संपव" हे वाक्य तेवढं टाळा.

पीठ मळायला वेळच नसेल तर तयार बेस आणा, त्यात काहीही कमी होत नाही. पण ओरडणं स्वयंपाकघरापुरतं नसेल, दिवसभर कशानेही राग उसळत असेल, झोप लागत नसेल, रागाच्या भरात मुलावर हात उठत असेल, तर यातलं काहीही करून पाहण्याआधी समुपदेशकाशी बोला. तिथे आधी तुमच्याकडे लक्ष द्यायला हवं, पिझ्झाचं नंतर बघू.