दहा नंबरचा पाना

चि.,

परवा चिखलीला घरी आलास. समोर चहा निवत होता आणि तुझं एकच पालुपद, "काका, एका पान्यासाठी मी विमान अडवलं, सगळे माझ्यावर उखडले. माझं चुकलं का?" मी गप्प बसलो, कारण राग आला होता. अडवलंस म्हणून नव्हे, अडवून मग शंका काढत बसलास म्हणून.

पेटीतून किती हत्यारं गेली, किती परत आली? मोजणी जुळत नसेल तर विमान सुटत नाही. विषय संपला.

दाबोळीच्या विमानतळावर काही चुकलं तर निदान पुढे धावपट्टी उरते. तुझी 'विक्रांत' सगळी मिळून २६२ मीटर. मिग उतरतो तो शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवून. तार चुकलीच तर परत उडता यावं म्हणून चाकं टेकताक्षणी पायलट इंजिनाला पूर्ण जोर देतो. नेमका तेव्हा इंजिनात नट शिरला तर? म्हणून तर रांग धरून, माना खाली घालून डेक विंचरायचा. कंटाळा येतो म्हणालास. येऊ दे.

मी 'विराट'वर होतो, सी हॅरियर विमानांच्या काळात. एकदा एक पाना कमी भरला. जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळलेलं, वरून घाई. "असेल कुणाच्या खिशात," म्हणून मी अंगठा वर करून विमान सोडलं. विमान गेलं, सुखरूप आलं. संध्याकाळी पाना सापडला, त्याच विमानाच्या चाकाच्या कोनाड्यात. मी तो गुपचूप खिशात घातला. कुणाला बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही तुला.

त्यानंतर तीनदा उड्डाण अडवलं. दोनदा पाना खरंच कुणाच्या तरी खिशात निघाला. हसले, 'मोजणीमास्तर' म्हणाले. बढती हुकली ती त्यामुळे नव्हे. त्यामुळे असली तरी चालेल. मोजणी जुळत नव्हती, मी अडवलं. चौथ्यांदाही अडवलं असतं.

तेव्हा माफीबिफी मागू नकोस. ओरडणाऱ्याला पेटी दाखव आणि म्हण, मोजा.

आणि हो, बैठकीतली खिडकी वाऱ्याने वाजू नये म्हणून जो लोखंडी तुकडा खोचलाय ना, ज्याला तू हात लावून पाहिलास, तो तोच. दहा नंबरचा. पुढच्या रजेत घेऊन जा. फक्त तुमच्या पेटीत टाकू नकोस, मोजणी एकाने जास्त येईल.

तुझा,
काका