माळ घातली आणि पोट बिघडलं

"मासे-मटण सोडल्यापासून पोट फुगतं, गॅस होतो. शाकाहार मला मानवत नाही का?" ठाण्यात आहार-समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. कुणी कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून मांसाहार सोडलेला असतो, कुणी माळ घातलेली असते. काळजी मात्र तीच. म्हणून चेंदणी कोळीवाड्यातल्या एका ताईंचा अनुभव सांगते. नाव बदललंय, त्यांना सुमनताई म्हणू.

आषाढीला नवऱ्याबरोबर त्यांनी तुळशीची माळ घातली. तोवर ताटात रोज बोंबील, बांगडा नाहीतर कोलंबी. थोड्याच दिवसांत पोट गच्च राहू लागलं.

"मॅडम, सासूबाई म्हणतात, कोळ्याच्या पोटाला म्हावरंच लागतं. माळ उतरवायची वेळ येते की काय, या विचारानं झोप लागत नाही."

मी लगेच तक्ता हातात देत नाही. माणूस काय खातो याच्याइतकंच तो कोणत्या मनानं खातो हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून खाल्लेलं सगळं वहीत लिहून आणायला सांगितलं. वहीत निघालं ते असं: सकाळी वाटीभर कच्चे मोड, दुपारी वाडगाभर राजमा किंवा छोले, वर कोबीची कोशिंबीर, रात्री पनीर आणि झोपताना मोठा पेला दूध.

"एवढं का?"

"मासे सोडले की प्रोटीन कमी पडतं ना? मुलानं मोबाईलवर दाखवलं. भीतीच बसली."

मी विषय बदलला. "श्रावण पाळता ना?"

"लहानपणापासून."

"तेव्हा पोट बिघडायचं?"

त्या गप्प झाल्या. मग मान हलवली. श्रावणात काय शिजायचं विचारल्यावर खुलल्या. वरण-भात, दुधी, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, मऊ शिजवायचा.

"आणि वाढायचं किती?"

"भाताबरोबर पळीभर." एवढं बोलून त्या थांबल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे पोटाला सवय आहे. मीच घाबरून वाडगाभर खातेय."

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा राजमाच शिजवला असता. उत्तर माणसाच्या स्वतःच्या घरातच असतं, ते त्याच्या तोंडून यायला हवं, हा माझा विश्वास त्या दिवशी आणखी पक्का झाला.

आता पोटात काय होतं ते बघू. माशात, मटणात तंतू (फायबर) अजिबात नसतात. कडधान्यांत ते भरपूर असतात, शिवाय रॅफिनोजसारख्या काही शर्कराही असतात. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. नव्या आहाराशी जीवाणू जुळवून घेतात, पण त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. मन धास्तावलेलं असेल तर तेवढाच वायू जास्त जाणवतो.

म्हणून कडधान्य अर्ध्या वाटीपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्या. मोड कच्चे न खाता शिजवून खा. तंतू वाढले की पाणीही वाढवा, नाहीतर शौचाला कडक होईल. दुधानं गुडगुडत असेल तर दही-ताक घेऊन पाहा, बऱ्याच जणांना ते सोसतं. प्रोटीनचं म्हणाल, तर डाळ-भात, उसळ-पोळी, दही असं दिवसभरात विभागून खाल्लं की निभतं. शौचातून रक्त जाणं, वजन आपोआप घटणं, रात्री दुखून जाग येणं यातलं काहीही असेल तर आहारावर ढकलू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

दिवाळीपर्यंत सुमनताईंना वाटीभर उसळ निवांत पचू लागली. मासे सोडलेल्यांना मी बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगतेच, कारण रोजच्या जेवणात ते मुख्यतः प्राणिज पदार्थांतूनच मिळतं आणि दूध-दही बेताचं असेल तर कमी पडू शकतं. त्यांच्या यजमानांचं कमी निघालं. "पण ती गोळी आम्हाला चालेल ना?" त्यांनी विचारलं. बी-१२ जीवाणूंपासून तयार करतात, त्यामुळे हरकत नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असू शकतं. डॉक्टरांना सांगून साधी गोळी लिहून घ्या.