निळी बाटली जरा बाजूला ठेवा

मत्स्यटाकी : प्रश्न वाचकांचे, उत्तरं जाणकारांची

मासा मलूल दिसला की पहिली धाव निळ्या औषधाकडे, म्हणजे मिथिलीन ब्लूकडे. पाण्याची चौकशी त्यानंतर, झालीच तर. या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं हेच आहे. उत्तरांत मापं लिटरमध्ये दिली आहेत, तेव्हा आधी आपल्या टाकीत पाणी नेमकं किती आहे ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि गुणाकाराला हजाराने भागा. ‘७० लिटरची’ म्हणून मिळणाऱ्या दोन फुटी टाकीत (२४ × १२ × १५ इंच) वरची मोकळी जागा आणि तळाची खडी वजा जाता ५५ लिटरच पाणी भरतं. औषध ७० च्या हिशोबाने घातलंत तर पाव हिस्सा जास्त पडलं.

प्रश्न (हडपसर, पुणे) : दोन आठवड्यांपूर्वी दोन फुटी नवीन टाकी घेतली. चार गोल्डफिश, सहा मॉली, दोन शार्क सोडले. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी सगळे वर येऊन तोंड उघडमीट करतात. तीन मॉली गेल्या. दुकानदार म्हणतो, सगळं पाणी काढा, खडी-फिल्टर धुऊन घ्या आणि निळं औषध टाका. करू का?

उत्तर : यातलं काहीही करू नका. तुमचे मासे आजारी नाहीत, त्यांना विषबाधा होते आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक असं नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दोन आठवड्यांत बारा मासे सोडले, जिवाणूंचा अजून पत्ता नाही. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे पाणी काचेसारखं दिसणारच. निळं औषध जे थोडेफार जिवाणू आले असतील त्यांनाही मारतं, आणि खडी-फिल्टर नळाखाली धुतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कल्ल्याचं झाकण उचललं जातं तेव्हा आत पाहा. लालभडक, सुजलेले कल्ले अमोनियाकडे बोट दाखवतात. तपकिरी, चहासारखे दिसले तर नायट्राइट.

आजपासून तीन दिवस खाणं बंद. तेवढ्याने मासे उपाशी मरत नाहीत. रोज ४० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे घ्या : १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा आणि नवीन पाण्यात दर १० लिटरला १ मिलिलिटर टाका. नवीन पाणी हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागलं पाहिजे. सोबत लिटरला १ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे तुमच्या टाकीत ५५ ग्रॅम, आधी मगात विरघळवून. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. अमोनियावर मात्र त्याचा उपयोग नाही. एअर पंप चोवीस तास चालू हवा.

थेंबांचं अमोनिया किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. आकडा वाचताना पीएचही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) पाहा. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच हिस्सा जवळपास नऊ पट होतो. त्यामुळे एकाच आकड्यावर एका घरी मासे ठणठणीत आणि दुसऱ्या घरी मरतात. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. पाणी दोन तास गढूळ दिसेल, पण आठवडे वाचतील.

आणि ते दोन शार्क परत करा. तो पंगास आहे, तीन फुटांच्या पुढे जाणारा मासा. हॉटेलात बहुतेक वेळा ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो हाच.

प्रश्न (नाशिक) : डिसेंबरात टेट्रांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. औषध तीन दिवस घातलं, ठिपके गेले. आठवड्याने दुपटीने परत आले. औषध बनावट होतं का?

उत्तर : औषध बहुधा बरोबर होतं, चूक दिवसांच्या मोजणीत झाली. रव्याच्या कणाएवढा तो ठिपका म्हणजे इक हा परजीवी, आणि तो माशाच्या कातडीच्या वर नसून *आत* असतो. तिथे कुठलंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून तळाला जातो, खडीवर कवच करून बसतो आणि त्या कवचात शेकडो पिल्लं तयार होतात. कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्या एक-दोन दिवसांतच ती मारता येतात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला जे ‘गेलेले’ ठिपके दिसले, ते मेले नव्हते. पुढच्या पिढीची तयारी करायला तळाला उतरले होते.

पाणी २५ अंशांवर असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंड पाण्यात लांबत जातं. म्हणून उपचाराची पहिली पायरी हीटर. नाशिकची डिसेंबरातली रात्र आणि दुपार यांत टाकीचं पाणी पाच-सहा अंश वर-खाली होतं, मासा त्या धक्क्यानेच कमजोर होतो आणि परजीवीचं फावतं. लिटरला १ वॅट हा हिशोब धरा; ५५ लिटरला ५० वॅटचा चालेल. तापमान दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त न चढवता ३० पर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा एअर स्टोन वाढवा.

औषध मॅलेकाइट ग्रीन असलेलं घ्या, बाटलीवरच्या मात्रेने. टेट्रा आणि बिनखवल्यांच्या लोच-कॅटफिशना निम्म्याने. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, तो औषध शोषून घेतो. प्रत्येक मात्रेआधी खडीत नळी खुपसून तळाचं २० टक्के पाणी ओढून घ्या. त्या पाण्याबरोबर कवचंही जातात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर *आणखी* सात दिवस औषध चालू ठेवा. जाळी आणि नळी दुसऱ्या टाकीत ओली वापरू नका. हातमोजे घाला : मॅलेकाइट ग्रीनचे डाग बोटांवरून आणि टाकीच्या सिलिकॉनवरून जात नाहीत, आणि ते अंगाला लागणं बरंही नव्हे.

औषध नकोच असेल तर मॉली, गप्पी, गोल्डफिश यांना लिटरला २ ग्रॅम मीठ सोसतं, दीड दिवसात तीन हप्त्यांनी चढवलेलं. गोल्डफिश असतील तर तापमान ३० पर्यंत नेऊ नका, २६-२७ वर थांबा आणि दिवस वाढवा. टेट्रा, कॉरिडोरास (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आणि झाडांच्या टाकीत मात्र हा मार्ग धरू नका.

प्रश्न (डोंबिवली) : पेस्ट कंट्रोल झालं. टाकीवर काचेचं झाकण होतं, औषध पाण्यात उडालं नाही. तरी संध्याकाळपर्यंत सगळे मासे गेले. कसे?

उत्तर : एअर पंपातून. पंप खोलीतली हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे करून पाण्यात मिसळतो. फवारणीतली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही द्रव्यं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांचा चेतासंस्थेवरचा ताबा अगदी कमी मात्रेतही सुटतो. मासे आधी बाणासारखे सुसाट पळतात, मग गिरक्या घेतात, मग कुशीवर पडतात. डास पळवणाऱ्या मशीनच्या द्रवातही याच कुळातलं द्रव्य असतं; ते टाकीशेजारच्या प्लगला लावू नका.

पुढच्या वेळी फवारणीच्या आधी पंप बंद करा, टाकी प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. टाकीच्या आतला पॉवर फिल्टर चालू राहू द्या, फक्त त्याची हवा ओढणारी बारीक नळी बंद करा. मासे कमी असतील तर चार तास निभावतं. पंखे लावून खोली पुरती मोकळी झाल्यावरच पंप सुरू करा. लांब नळी लावून पंप गॅलरीत ठेवला तर उत्तमच. मासे गिरक्या घेताना दिसले तर लगेच निम्मं पाणी बदला, फिल्टरमध्ये नवा कोळसा घाला, दोन तासांनी पुन्हा निम्मं बदला. झुरळांसाठीच असेल तर फवारणीऐवजी जेलचे ठिपके लावून घ्या, ही सगळी यातायातच टळते.

प्रश्न (सांगली) : फायटर (बेटा) माशाच्या शेपटीची कड झडते आहे. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणली आहे. किती घालू?

उत्तर : घालू नका. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून टाकतं; औषध वाया जातं आणि पाणी तपकिरी होतं ते वेगळंच. आधी कड नीट बघा. सरळ चिरल्यासारखी असेल तर ती कशाला तरी अडकून फाटली आहे. टाकीतल्या प्लॅस्टिकच्या झाडावरून जुनी ओढणी फिरवा. धागा अडकला की झाड बाहेर. कड दातेरी, पांढुरकी किंवा लालसर असेल तर ती सडते आहे, आणि दहातल्या नऊ वेळा कारण घाण पाणीच असतं. आठवडाभर रोज ३० टक्के पाणी बदला, तापमान २६-२७ वर ठेवा, लिटरला १ ग्रॅम मीठ. सड शेपटीच्या बुडाशी पोचली तरच प्रतिजैविक, तेही वेगळ्या भांड्यात आणि पशुवैद्याला विचारून. दहा-बारा दिवसांनी कडेला पारदर्शक, पातळ पापुद्रा दिसेल. ती नवी शेपूट आहे. तिला बुरशी समजून निळं औषध ओतणारे पुष्कळ.

प्रश्न (लातूर) : गोल गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा होऊन तरंगतो.

उत्तर : आखूड अंगाच्या ओरांडा-रायुकिन जातींमध्ये आतडी दाटीवाटीने असतात. तरंगणारे कोरडे दाणे खाताना मासा हवा गिळतो, दाणे पोटात फुगतात आणि वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) दाबला जातो. तीन दिवस उपास, चौथ्या दिवशी उकडलेल्या मटाराच्या एका दाण्याचं साल काढून, बिनमिठाचा, कुस्करून द्या. पुढे बुडणारे दाणे दोन मिनिटं भिजवून द्यायचे. खवले वरून पाहताना देवदाराच्या बोंडासारखे उभे राहिलेले दिसले तर मात्र तो जलोदर. त्यातून मासा क्वचितच उठतो.

प्रश्न (ठाणे) : घरातलं आयोडीनचं मीठ चालेल का? आणि ते किती दिवसांनी पुन्हा घालायचं?

उत्तर : चालतं, त्यातलं आयोडीन नगण्य असतं. खडेमीठ स्वस्त पडतं इतकंच. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून आटलेलं पाणी भरताना साधंच पाणी घाला. १५ लिटर पाणी बदललं तर तेवढ्या १५ लिटरचंच मीठ. दर आठवड्याला सवयीने मूठभर टाकत राहिलात तर तीन महिन्यांत टाकीतली झाडं आधी पिवळी पडतील.