एकदा घेऊन बघण्याबद्दल, आणि पिठल्याच्या गुठळ्यांबद्दल

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पिठल्यात गुठळ्या होतात आणि भाकरी थापताना चिरते, हे तू विचारत होतास. त्याच दमात खाली लिहिलंस की फ्लॅटवरचे दोघं शनिवारी एमडी, म्हणजे ती नशेची पावडर, आणणार आहेत, "एकदा घेऊन बघितलं तर खरंच एवढं काही होतं, की उगाच घाबरवतात?" लोकांनी तुला मनसोक्त झापलं. पिठल्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. मी दोन्हीची देतो. वयाने तुझ्या वडिलांएवढा असेन, म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी 1991 ते 1998 गर्द ओढत होतो. पुण्यात. तुमच्या पिढीला हा शब्द माहीत नसेल, ब्राऊन शुगर म्हण, म्हणजे अशुद्ध हेरॉइन. त्यानंतर नाही. आता घरगुती डबे देतो, सकाळी 60, संध्याकाळी 40.

आधी एक कबूल करतो, कारण ते कोणी करत नाही आणि मग पोरं बाकीचंही खरं मानत नाहीत. पहिल्यांदा छान वाटतं. पोस्टरवर कवटी असते, सुई असते, रडणारी आई असते. तू मात्र बघतोस की तुझा रूममेट शनिवारी घेतो आणि सोमवारी लेक्चरला बसतो, हसतो, उधारीही परत करतो. मग तुला वाटतं पोस्टर खोटं. पोस्टर खोटं नाही, ते फक्त सिनेमाचा शेवटचा सीन दाखवतं. तू पहिल्या पाच मिनिटांत बसलायस.

आणि घेणारा प्रत्येक जण अडकत नाही, हेही खरं. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असं दिसलं होतं की हेरॉइन कधीतरी घेतलेल्यांपैकी साधारण चारांत एक जण व्यसनी झाला. गांजात अकरांत एक. तंबाखूत, ऐक बरं, तीनांत एक. म्हणजे हेरॉइनलासुद्धा चारांतले तीन सुटतात. हा आकडा मी लपवू शकलो असतो.

पण तो चौथा कोण, हे आधी कळत नाही. आम्ही कट्ट्यावर पाच जण होतो. एकाने दोनदा ओढली, म्हणाला मला मळमळतं, आणि सोडून दिलं. आज बँकेत आहे, निवृत्तीला आलाय. दुसऱ्याला वर्षभरात बाहेरगावी नोकरी लागली, तिकडे माल मिळेना, सुटला. उरलेले आम्ही तिघं अडकलो. त्या दोघांची इच्छाशक्ती आमच्यापेक्षा जास्त होती म्हणशील तर अजिबात नाही. बँकवाल्याला आजही डायबिटीस असून जिलबी सोडता येत नाही.

गंमत म्हणजे आम्हाला माहिती नव्हती असंही नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, 1985 चा. पुढच्याच वर्षी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं होतं, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. पेपरात छापून यायचं, कॉलेजात व्याख्यानं व्हायची. मी एका व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलो होतो. मला वाटायचं हे सगळं गर्दुल्ल्यांसाठी आहे. मी तर फक्त बघणार होतो.

आता एमडीचं. मेफेड्रोन. आमच्या काळात हे नव्हतं, पण गेली दहा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअपला येणाऱ्या पोरांकडून ऐकतोय. गर्द माणसाला पेंगवते, हे उलटं, माणसाला चढवतं. दोनतीन तासांत उतरायला लागतं आणि उतरताना पुन्हा घ्यावंसं वाटतं. त्यामुळे "एकदा" हा शब्द त्याच रात्री तीनदा होतो. झोप नाही, भूक नाही, दात करकरा चावले जातात, छाती धडधडते. मग दोनतीन दिवस असं उदास वाटतं की मंगळवारी पोरगा भिंतीकडे तोंड करून पडून असतो. 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत हा पदार्थ कायद्याच्या यादीतही नव्हता, म्हणून काही जण अजून त्याला "हलकं" समजतात. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतून पकडलेला साठा शेकडो किलोंचा होता. हे बनतं कारखान्यात, रसायनांच्या पिंपात. पुडीत येईपर्यंत त्यात कोणी काय मिसळलं हे तुझ्या रूममेटलाही माहीत नसतं. बाजारातून हळद आणतानासुद्धा आपण भेसळीची चौकशी करतो रे.

कायद्याचं थोडक्यात. एमडी 2 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, 50 ग्रॅमला व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं सक्तमजुरी. तू म्हणशील आपण कुठे 50 ग्रॅम आणतोय. बरोबर. पण सेवन हाही गुन्हाच आहे, आणि त्याच कायद्याच्या 25 व्या कलमानुसार आपली जागा माहीत असून असल्या कामाला वापरू देणाऱ्यालाही धरतात. भाडेकरार तुझ्या नावावर आहे असं तूच मागे डिपॉझिटच्या धाग्यावर लिहिलं होतंस.

व्यसन कसं असतं हे विचारलंस, तर खरं उत्तर असं की ते फार कंटाळवाणं असतं. सिनेमात दाखवतात तसं काही नाही. सकाळी उठल्यापासून एकच हिशोब: पैसे कुठून, माल कुठून, ओढायची कुठे. संध्याकाळी सातला माल देणाऱ्याला भेटायची माझी वेळ असायची, एका चहाच्या टपरीमागे. सात वर्षं रोज संध्याकाळी सातला मी तिथे. इतका नियमित मी आयुष्यात कुठल्याच गोष्टीला नव्हतो. मजा पहिल्या सहाआठ महिन्यांतच संपली होती. पुढे फक्त टर्की लागू नये म्हणून ओढायची.

घरातली भांडी गेली. आधी माळ्यावरची, जी कोणी वापरत नव्हतं. पितळी पातेली, घंगाळं, आजीचा बंब. मग वापरातली. आई काही बोलायची नाही. एके दिवशी बघितलं तर कुकर ओट्यावर नाही. रात्री जेवणं झाली की ती कुकर धुवायची, पुसायची, कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची, कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला. सकाळी पुन्हा काढायची. त्या साड्यांना वरणाचा वास यायचा. लग्नाकार्याला जाताना ती दोन दिवस आधी साडी वाऱ्यावर टाकायची. मी कपाट फोडायचा प्रयत्न केला होता, तो ओरखडा अजून आहे.

टर्की म्हणजे माल तुटल्यावर होतो तो त्रास. आठदहा तासांत सुरू होतो. आधी जांभया, मग नाकातोंडातून पाणी, अंगावर काटा, पाय आपोआप झाडले जातात, जुलाब, आणि झोप म्हणजे नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, मग आठवड्यात ओसरतो. गर्दच्या टर्कीने सहसा माणूस मरत नाही, त्याला मरावंसं वाटतं एवढंच. दारूचं उलट आहे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊन, वात होऊन जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरशिवाय कधी करू नये. हे तुला लागणार नाही कदाचित, पण इथे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात लागेल म्हणून लिहिलं.

शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथे पहिले पाच दिवस स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की मला ओकारी यायची. मी उशी तोंडावर धरायचो. सहाव्या दिवशी सकाळी मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, आणि पोटात काहीतरी हललं. ओकारी नव्हती. किती तरी वेळ कळेना हे काय होतंय. भूक लागली होती. सात वर्षांत मला भूक लागलीच नव्हती, फक्त खायची वेळ झाल्यावर कोणीतरी समोर ठेवायचं. मऊ भात, तूप, मीठ, लिंबाच्या लोणच्याचा खार. दोन वाट्या खाल्ला. वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू आलं आणि तो म्हणाला, "रड, पण ताट सरकव."

मग मला लसूण सोलायला बसवलं. माझे हात इतके थरथरायचे की दुसरं काही देता येत नव्हतं. 40 माणसांचा लसूण, रोज. पुढे कणीक, पुढे आमटी. स्वयंपाकाने मला वाचवलं वगैरे मी म्हणणार नाही. गोळ्यांनी वाचवलं, समुपदेशक बाईंनी वाचवलं, एनएच्या (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगांनी आणि आईने वाचवलं. पण व्यसन सुटल्यावर दिवसात एवढं मोठं भगदाड पडतं, त्याचं काय करायचं हे कुठली गोळी सांगत नाही. संध्याकाळी सात वाजले की माझे पाय टपरीकडे वळायचे. आता सातला माझे 40 डबे भरायचे असतात. भाजी कढईत, पोळ्या अर्ध्या झालेल्या, डबेवाला पोरगा दारात हॉर्न वाजवतोय. पाय वळवायला वेळ कुठाय.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात अॅल्युमिनियम फॉइल नाही. पोळ्या मी सुती फडक्यात गुंडाळून देतो, प्रवासाला हव्या असतील तर केळीच्या पानात. गिऱ्हाइकं तक्रार करतात, फॉइलमध्ये गरम राहतात हो काका. मी पर्यावरण वगैरे सांगतो. खरं कारण असं की आम्ही गर्द पन्नीवर ओढायचो. सिगारेटच्या पाकिटातली. तो चुरचुर आवाज ऐकला की आजही जिभेच्या मागे एक चव येते. इतकी वर्षं झाली, तीस व्हायला आली. मागे एका लग्नात शेजारच्या बाईंनी लेकीसाठी फॉइलमध्ये पुरणपोळी बांधून घेतली तर मी उठून बाहेर गेलो. "एकदा घेऊन बघितलं तर काय होतं" याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. मेंदू विसरत नाही.

आमच्या तिघांतला दुसरा सुईवर गेला, लिव्हरने गेला. तिसरा केंद्रात चार महिने राहून आला, गोरागोमटा होऊन. पहिल्याच आठवड्यात जुन्या सवयीने जुनी मात्रा घेतली. चार महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, जुनी मात्रा झेपत नाही. बाथरूममध्ये सापडला. त्याची आई अजून माझ्याकडून डबा घेते, बिनतिखटाचा.

आता शनिवार. मी तुला "घेऊ नकोस" म्हणणार, ते तू धरूनच चाल. पण मित्रांना सोड असं म्हणत नाही. त्या रात्री गावाला जा, नाहीतर माझ्याकडे ये, कांदे चिरायला माणूस लागतोच मला. आणि फ्लॅटवरच असलास आणि कोणाच्या छातीत दुखायला लागलं, अंग तापून भाजायला लागलं, फिट आली किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली, तर झोपेल-उतरेल म्हणत बसू नका. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने मित्राला रिक्षातून फिरवत बसलेली पोरं मी बघितलीत. त्या दोघांपैकी कोणाला सोडायचं असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे. आणि कायद्यातच 64अ म्हणून कलम आहे, थोड्या मालात किंवा सेवनात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. फक्त केंद्र नीट बघून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का. मारून व्यसन सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

पिठलं. तू बेसन थेट फोडणीच्या गरम पाण्यात एकदम ओततोस, म्हणून गुठळ्या. एक वाटी बेसन आधी गार पाण्यात कालव. आधी थोडंच पाणी, दाटसर पेस्ट होऊ दे, बोटांनी गाठी मोड, मग उरलेलं. एकूण तीन वाट्या पाणी. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. कांदा नरम झाला की हळद, मग कालवलेलं बेसन एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. तेव्हा फोनला हात लावायचा नाही. दाटलं की मीठ बघ, गॅस बारीक कर, झाकण ठेवून पाचसात मिनिटं वाफ काढ. वाफ नीट आली नाही तर बेसन कच्चट लागतं, निम्म्या खानावळींत हेच होतं. हाटून करायचं असेल तर उकळत्या पाण्यात कोरडं पीठ भुरभुरावं लागतं, पण त्याला हात बसायला हवा, इतक्यात नको.

भाकरी चिरते कारण पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. ज्वारीचं पीठ महिनाभर डब्यात ठेवून चालत नाही. आठ दिवसांचं दळून आण, तेही किलोभरच. तोवर आहे ते पीठ उकळत्या पाण्यात भिजव, पाच मिनिटं झाकून ठेव आणि तळहाताच्या टाचेने चांगलं रगड. थापताना खाली पीठ जास्त घेऊ नकोस. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकायच्या आत उलट, मग आचेवर. पदर सुटला तर फोटो टाक. नाही सुटला तरी टाक, पीठ बघून सांगतो.