माफीच्या ओळीत सापडलेला विषय

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातला, एम. ए. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पासाठी 'शाश्वत विकास आणि सोलापूर जिल्हा : एक अभ्यास' हा विषय दिला होता. सरांनी 'फार पसरट आहे' म्हणून आराखडा दोनदा परत केला. सोबत जोडला आहे. काय बदलू? पत्राला उशीर झाला, माफ करा. या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. शेततळं भरायला बोअरची मोटार चालू करावी लागते, त्यामुळे दिवसा झोप येते.
– एक विद्यार्थी

उत्तर : अरे, आराखडा मी नंतर वाचला, आधी तुझी माफी वाचली. तुझा विषय तिथेच आहे.

शेततळं कशासाठी असतं? पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तीही त्याचसाठी. आणि तू तेच तळं रात्री उठून बोअरच्या पाण्याने भरतोयस! जमिनीच्या पोटातलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. डाळिंब जगवायचं तर तुमच्याकडे दुसरा इलाज नसेल, मी दोष देत नाही. पण 'आमच्या गावातल्या शेततळ्यांत पावसाचं पाणी किती आणि बोअरचं किती?' एवढाच प्रश्न घे. सर परत करणार नाहीत असं वाटतं.

आता आराखडा. चार पानं १९८७च्या ब्रुंटलांड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या आणि संयुक्त राष्ट्रांची १७ उद्दिष्टं यांतच गेली आहेत. व्याख्येला दोन ओळी ठेव. पुढच्या पिढीच्या वाट्याचं आपण वापरू नये, हे तुझ्या बोअरइतकं स्पष्ट कुठलंच पुस्तक सांगणार नाही.

मोजायचं कसं? पंधरा लिटरची बादली बोअरच्या पाइपाखाली धर आणि मोबाइलवर सेकंद मोज. दहा सेकंदांत भरली, तर तासाला ५,४०० लिटर झाले. मोटार किती तास चालली हे मालक सांगतोच. मग तळ्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोव. ३० बाय ३० मीटरचं तळं काठोकाठ भरलेलं असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे ९,००० लिटर. मोटार आणि ड्रिप दोन्ही बंद असतील त्या दिवशी, तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटका नसताना, जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं. वरच्या हिशेबाने एक सेंटिमीटर म्हणजे तुझी एक तास चाळीस मिनिटांची झोप! (काठी एकट्याने रोवायला जाऊ नकोस. कागदावरून पाय घसरला की वर येता येत नाही. कमरेला दोर बांध आणि काठावर माणूस ठेव.)

तळी दहा-बाराच घे. एक फेरी मे महिन्यात, दुसरी परतीच्या पावसानंतर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुझ्या भागातल्या विहिरीचे आकडे मागून घे.

प्रश्नावलीत मात्र ६४ प्रश्न आहेत, ते दहावर आण. एम. फिल.ला मी शंभराच्या वर प्रश्न घेऊन गेले होते. तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या, "बाई, चहा घ्या, बाकीचं तुमचं तुम्हीच भरा." मी भरलं नाही, पण मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. 'भूजलाचा अतिउपसा होतो असे आपणास वाटते का?' हा तुझा अकरावा प्रश्न तर काढूनच टाक. त्याला कोण हो म्हणेल? त्याऐवजी 'मोटारीला रात्री कितीला उठता?' असं विचार, माणूस आपणहून बोलायला लागतो.

सुधारलेला आराखडा दोन पानांत बसव आणि पाठव. उशीर झाला तर माफी नको. मोटार कितीला चालू केलीस आणि कितीला बंद केलीस, तेवढं तारखेसह लिही.