डोकेदुखी : डॉक्टरांकडे केव्हा जावं?

प्रश्न : वय 43. चार-पाच महिन्यांपासून आठवड्यातले चार दिवस तरी डोकं दुखतं. मेडिकलमधून गोळी आणून घेते, तासाभरात बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चष्म्याचा नंबर बदललेला नाही. सिटी स्कॅन करून घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्कॅनच्या आधी गोळ्यांचा हिशेब करा. तुमच्या पोटात महिन्यातले 16-17 दिवस गोळी जाते आहे. साधी पॅरासिटामॉल महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, कॅफिन मिसळलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखत राहतं. मुळात बहुधा अर्धशिशी असते. गोळीचा अंमल उतरला की दुखणं उसळतं, म्हणून पुढची गोळी घेतली जाते.

याच आठवड्यात फिजिशियनकडे जा, गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. गोळी थांबवल्यावर पहिले 2 ते 10 दिवस डोकं आणखी दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जणी इथेच पुन्हा गोळीकडे वळतात. या दिवसांपुरतं वेगळं औषध मिळतं, ते मागून घ्या. वहीत तारीख, किती तास दुखलं, कोणती बाजू, उलटी, पाळी आणि गोळी लिहीत जा. बीपी मोजून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याच्या आतली नस पाहिली जातेच असं नाही. मेंदूवरचा दाब वाढला तर त्या नसेच्या तोंडाशी सूज दिसते, म्हणून ती आवर्जून पाहायला सांगा. तपासणीत काही वावगं नसेल तर स्कॅन बहुधा लागत नाही.

मात्र मिनिटभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं, जीभ अडखळणं, फिट येणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, कानशील हात लावताच दुखतं, घास चावताना जबडा भरून येतो, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा. उशिराने दृष्टी जाऊ शकते.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतल्यावर किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत नवी, वाढत जाणारी डोकेदुखी सुरू झाली, तर मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का हे लगेच पाहावं लागतं. अशा वेळी साधा सिटी स्कॅन कधी कधी स्वच्छ येतो, शिरांची वेगळी तपासणी करावी लागते. ही गोळी घेतल्याचं अनेक जणी संकोचाने सांगत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.